चिअर्सची वाईन दर कार्यक्रमात का फसते: बिनदारूच्या स्पार्कलिंग वाईनच्या तक्रारी आणि उपाय

"काय ओ ताई, ह्यो तर आमच्या स्टँडवरचा गोड गोटी सोडाच की!" मुलाच्या मामांनी एक घोट घेतला आणि ग्लास ट्रेमध्ये परत ठेवला. तिकडे स्टेजजवळ आत्याबाईंनी त्याच बाटलीतली वाईन तोंडाला लावून नाक मुरडलं, "शी, केवढी आंबट!" आणि जिथे बाटली उघडली होती तिथे नवरीच्या पैठणीच्या पदरावर फेसाचा ओघळ. हे सगळं एकाच साखरपुड्यात, पाच मिनिटांच्या आत.

सांगलीत आमचं लहानसं केटरिंग आहे. मी, धाकटे दीर, एक आचारी आणि कामाप्रमाणे आठ-दहा वाढपी. अलीकडे साखरपुडा, साठीशांत, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस अशा कार्यक्रमांत चिअर्स करायची टूम निघाली आहे. दारू नको, पण शॅम्पेनसारखं फुसफुसणारं काहीतरी हवं, अशी मागणी असते. म्हणून बिनदारूची स्पार्कलिंग वाईन. आणि दर वेळी त्याच तीन तक्रारी: फेस बाहेर येतो, ग्लासात बुडबुडे उरत नाहीत, चव कुणाला गोड तर कुणाला आंबट.

मी आधी सगळं खापर बाटलीवर फोडलं. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या बदलून पाहिल्या, महागातली आणली, फरक पडेना. शेवटी एका रविवारी दीर आणि मी घरीच चार बाटल्या, स्वयंपाकघरातला थर्मामीटर आणि दहा ग्लास घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे.

आधी बाटलीत काय असतं ते पाहू, कारण दुकानात एकाच फळीवर दोन वेगळ्या वस्तू ठेवलेल्या असतात. एक म्हणजे गॅस भरलेला द्राक्षाचा रस. तो कधी आंबवलेलाच नसतो. त्यात १०० मिलीला १५ ग्रॅमच्या आसपास साखर असू शकते. दुसरी खरीखुरी वाईन. ती आधी आंबवतात आणि मग तिच्यातून अल्कोहोल काढून टाकतात. साध्या दाबाला अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, तेवढं तापवलं तर वाईनचा काढा होईल. म्हणून हवेचा दाब खूप कमी करतात आणि तीसेक अंशांवरच ते उडवून लावतात. ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे, जर्मनीतली. अल्कोहोल जाताना वासही बराच घेऊन जातं, आणि वाईनचा भरीवपणाही. ती पोकळी भरायला पुढे साखर किंवा रस घालतात आणि गॅसही बहुतेक वेळा त्यानंतरच भरतात.

हे सगळं सांगायचं कारण असं की दारू असलेली वाईन थोडी कोमट झाली, ग्लास जरासा चिकट असला, तरी निभावून नेते. हिच्यात पांघरायला काही नाही. आपली प्रत्येक चूक चवीत उघडी पडते.

आमची सगळ्यात मोठी चूक बाटलीत नव्हतीच, पंगतीच्या सवयीत होती. आमचे जुने वाढपी काका तीस वर्षं पंगती वाढतायत. पाहुणे बसायच्या आधी पाण्याचे पेले भरून ठेवायचे, पन्हं किंवा कोकम असेल तर तेही आधीच ट्रेमध्ये लावून ठेवायचं, हा त्यांचा शिरस्ता, आणि पंगतीसाठी तो बरोबरच आहे. वाईनलाही त्यांनी तोच नियम लावला. साठ ग्लास भरून, ट्रेवर जाळी झाकून तयार. मग अंगठ्या झाल्या, फोटो झाले, मुलाच्या काकांचं दोन शब्दांचं भाषण वीस मिनिटं चाललं. तोवर पंख्याखाली ठेवलेल्या ग्लासांत गोड पाणी उरलं. मामांना गोटी सोडा आठवला हे त्यांचं औदार्यच, कारण गोटी सोड्यात निदान गॅस तरी असतो.

घरी आम्ही मोजून पाहिलं. फ्रिजमधून काढलेली बाटली, ग्लासात ७ अंश. टेबलावर पंख्याखाली ठेवली, बाहेर ३६ अंश. दहा मिनिटांत १३, वीस मिनिटांत १८ च्या वर. आणि थंडपणा गेला की गॅसही जातो, कारण कार्बन डायऑक्साइड थंड पाण्यात जास्त विरघळतो. साध्या दाबाला ० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण १.७ लिटर गॅस मावतो, २० अंशांना ०.९ च्या आत, ३० अंशांना जेमतेम पाऊण लिटरही नाही. सांगलीच्या मार्च-एप्रिलमध्ये ट्रेवर ठेवलेल्या ग्लासाचं काय होत असेल ते यावरून समजा.

उपाय सोपा आहे, पण वाढपी काकांच्या गळी उतरवायला दोन कार्यक्रम लागले. ग्लास रिकामे फिरवायचे. भाषण संपत आलं की दीर मला मान हलवून खूण करतात, तेव्हा बाटल्या उघडायच्या आणि दोघा-तिघांनी पाहुण्यांच्या हातातल्या ग्लासात ओतायचं. ७५० मिलीच्या बाटलीत सहा-सात जणांचं होतं, म्हणजे साठ जणांना दहा बाटल्या. तीन माणसं असतील तर चार-पाच मिनिटांचं काम. काकांना पटलं ते वेगळ्याच वाक्याने. मी म्हटलं, "काका, तुम्ही पापड आधी तळून ठेवता का?" ते हसले आणि त्या दिवसापासून बाटलीला स्वतः पहारा देतात.

आता फेसाचं. बाटली उघडताच कारंजं उडतं त्याची कारणं दोन: गरम बाटली आणि हलवलेली बाटली. आमच्याकडे दोन्ही एकदम असायचं. बाटल्या सकाळी टेम्पोत, भांड्यांच्या पिंपाशेजारी, खड्ड्यांतून आदळत हॉलवर. तिथला फ्रिज म्हणजे धर्मशाळा: बासुंदीचं दूध, पाण्याच्या चाळीस बाटल्या, कुणाचा तरी केक, आणि दर मिनिटाला दार उघडणारं कुणीतरी. त्यात तीन तास ठेवलेली बाटली आम्ही मोजली तर १६ अंश निघाली. बाहेरून हाताला गार लागते, तिथेच फसगत होते.

पाहिजे ते ६ ते ८ अंश. त्यासाठी बाटल्या आदल्या रात्री घरच्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवते आणि बर्फाच्या पेटीत उभ्याच नेते. आयत्या वेळी करायचं झालं तर मोठ्या पातेल्यात अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी. नुसत्या बर्फात बाटली टेकवली तर खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली सावकाश गार होते. पाणी मात्र चारी बाजूंनी लागतं. पंचवीस-तीस मिनिटं पुरतात. मूठभर खडे मीठ टाकलं तर आणखी लवकर, पण मग घड्याळ बघायचं.

फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका. साधी वाईन तिच्यातल्या अल्कोहोलमुळे साधारण उणे ५ अंशांच्या आसपास गोठायला लागते. हिच्यात अल्कोहोलच नाही, ही उणे १ च्या जवळपासच गोठू लागते, आणि फ्रीझर असतो उणे १८ वर. आमच्याकडे एक बाटली अर्धा तास म्हणून ठेवली आणि दीड तास विसरली. फुटली नाही हे नशीब. झाकण वर सरकलं होतं आणि आत बर्फाचा गोळा. दुसऱ्या दिवशी वितळल्यावर चाखली तर गॅस गेलेलाच होता.

उघडायची रीत. युरोपातल्या नियमात स्पार्कलिंग वाईन म्हणवायला २० अंशांना किमान ३ बार दाब लागतो, शॅम्पेनमध्ये ५-६ असतो. कारच्या टायरमध्ये दोनाच्या थोडा वर. म्हणजे हातात टायरपेक्षा जास्त दाबाची वस्तू आहे हे लक्षात ठेवायचं. तोंड माणसांकडे नको, मांडवाच्या ट्यूबकडे नको, पंख्याकडे तर नकोच. वरचा कागद काढा, तारेचा कान सहा अर्धे वेढे फिरवून सैल करा, पण तार सैल झाल्या क्षणापासून अंगठा झाकणावरून उचलू नका. बाटली तिरकी धरा. एका हातात झाकण घट्ट, दुसऱ्या हाताने बाटली बुडाशी धरून फिरवा. झाकण फिरवायचं नाही, बाटली फिरवायची. ते स्वतःहून वर यायला लागलं की उलट दाबून ठेवा आणि एका बाजूने हळूच गॅस सोडा. आवाज "फुस्स" असा यायला हवा. नवरदेवाचे मित्र हिरमुसतात, त्यांना "ठो" हवा असतो. त्यांच्यासाठी मी आता एक स्वस्त सोड्याची बाटली वेगळी ठेवते. अंगणात जा, उडवा, पैठणीपासून लांब.

ओततानाही ग्लास तिरका धरून कडेवरून सोडायचं, बिअर ओततात तसं. फ्रान्समध्ये रीम्स विद्यापीठात बुडबुड्यांचा अभ्यास करणारे जेरार लिजे-बेलेअर यांनी शॅम्पेनवर हे मोजून दाखवलं आहे: उभ्या ग्लासात धार सोडली तर गॅस जास्त उडतो, तिरक्यात जास्त टिकतो. दोन टप्प्यांत ओता, आधी दोन बोटं, फेस बसला की वरचं.

बुडबुडे न दिसण्याचं आणखी एक कारण आम्हाला फार उशिरा सापडलं, ते म्हणजे ग्लास धुण्याची पद्धत. बुडबुडा आपोआप तयार होत नाही, त्याला सुरुवात करायला जागा लागते. ग्लासाला चिकटलेला सुती धागा किंवा धुळीचा कण असतो, त्याच्या पोकळीत हवा अडकते आणि तिथून बुडबुड्यांची माळ सुटते. अगदी निर्मळ, हवेत वाळवलेल्या ग्लासात वाईन चक्क शांत दिसते आणि पाहुणा म्हणतो गॅसच नाही. गॅस असतो, जिभेला कळतो, दिसत नाही एवढंच. अशा वेळी कोरड्या सुती पंच्याने ग्लास आतून एकदा पुसला की काम होतं.

उलट प्रकारही आहे. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, ग्लासांवर पांढरा थर बसतो. तो खरखरीत थर म्हणजे बुडबुड्यांच्या हजार जागा. ओतलं की एकदम उसळतं आणि मिनिटात सगळं संपतं. लिंबाच्या सालीने नाहीतर व्हिनेगरच्या पाण्याने तो जातो. आणि तिसरा शत्रू म्हणजे भांड्याच्या साबणाचा पुसट थर नाहीतर भजी तळलेल्या हाताचं तेल. त्याने फेसाची कड जागच्या जागी मोडते. पारख करायची असेल तर धुतलेला ग्लास पाण्यात बुडवून उलटा धरा: पाणी सलग पातळ पडद्यासारखं उतरलं तर स्वच्छ, थेंब थेंब होऊन अडकलं तर पुन्हा गरम पाण्यात.

प्लॅस्टिकच्या ग्लासांबद्दल यजमानांशी माझं दर वेळी भांडण होतं. त्यांच्या भिंतीला बुडबुडे चिकटून मोठे होतात, तोंडाला जाड लागतात. कागदी कप त्याहून वाईट. घरचे स्टीलचे पेले परवडले, निदान गार तरी राहतात, पण रंग आणि बुडबुडे दिसत नाहीत. मग चिअर्स कशाला? पसरट, बशीसारखे ग्लास फोटोत छान दिसतात आणि त्यातून गॅस सगळ्यात लवकर उडतो. मी आता मध्ये पोट आणि तोंडाशी निमुळता असा काचेचा ग्लास भाड्याने आणते आणि तिसरा हिस्साच भरते. या वाईनचा वास मुळात हलका, त्याला साठायला वरची जागा लागते.

आता मामा आणि आत्याबाई. एकाच बाटलीतली वाईन एकाला गोड आणि दुसरीला आंबट, हे कोडं मला महिनाभर सुटलं नव्हतं. सुटलं ते ताटल्या गोळा करताना. आत्याबाई स्टेजजवळ होत्या, तिथे साखरपुडा होताच सगळ्यांचं तोंड गोड केलं होतं, साताऱ्याचे कंदी पेढे. पेढ्यानंतर जिभेला कुठलीही वाईन आंबट आणि पातळच लागणार. मामा मागच्या खुर्चीवर भडंगाची वाटी रिकामी करत बसले होते. खारट-तिखटानंतर त्याच वाईनची साखर पुढे येते. दोघंही खरंच बोलत होते.

म्हणून आता क्रम बदलला आहे. आधी वाईन, मग पेढा. यजमानीणबाई कुरकुरतात, "तोंड गोड करायच्या आधी हे कसं?" मी सांगते, औक्षणाची साखर चिमूटभर द्या, पेढा दहा मिनिटांनी. बरोबर खायला आळूवडी, कोथिंबीर वडी, खारे शेंगदाणे. तळणीचं तेल आंबटपणाने कापलं जातं. भडंग चालेल, पण लसूण-मिरचीचा हात आवरता घेतलेलं. गॅस स्वतःच जिभेला टोचतो, मिरचीवर तो आणखी झोंबतो. झणझणीत रश्शाच्या जेवणात तर ही वाईन उघडूच नये, तिथे ताकच.

गोडव्यासाठी विकत घेतानाच लेबल वाचा. पुढच्या बाजूचे फ्रेंच शब्द बाजूला ठेवा, मागचा साखरेचा आकडा पाहा. तो १०० मिलीला दिलेला असतो, दहाने गुणला की लिटरचा झाला. ब्रूत म्हणवणाऱ्या स्पार्कलिंग वाईनमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, ५० च्या वर गेली की ती पक्की गोड. बिनदारूच्या बाटल्या बऱ्याचदा गोडाकडे झुकतात, म्हणून १०० मिलीला ४-५ ग्रॅमच्या वर असेल तर मी ती फक्त मुलांच्या टेबलासाठी घेते. मधुमेह असलेल्या पाहुण्यांना आकडा सांगून टाकायचा, दारू नाही म्हणजे साखर नाही असं त्यांनी धरून चाललेलं असतं.

घरातून निघण्याआधी एक बाटली चाखायची सवय ठेवा. ग्लास फिरवत बसू नका, गॅस जातो. आधी वास: हिरवं सफरचंद, लिंबाची साल, पिकलं पेअर असं काही आलं तर ठीक. उकडलेल्या सफरचंदाचा किंवा मधाचा जड वास आला तर बाटली उन्हाळाभर दुकानात तापलेली आहे. पांढऱ्या काचेच्या बाटलीला उकडलेल्या कोबीसारखा वास आला तर ती उजेडात राहिली. या दोन्हीला उपाय नाही, बाटली परत द्या. दुकानात पुढच्या काचेत मांडलेली बाटली मी उचलतच नाही, मागची, खोक्यातली मागते. मग छोटा घोट, जिभेवर दोन सेकंद. गॅसमुळे आंबटपणा आधी जाणवतो, गोडवा मागून येतो. गिळल्यावर तोंड स्वच्छ वाटलं तर चांगली, चिकट वाटलं तर आणखी गार करून द्यावी लागेल. फार गार केली की गोडवा दबतो हे खरं, पण वासही दबतो.

तासगाव-पलूसकडचे पाहुणे हमखास विचारतात, आपल्याकडे एवढी द्राक्षं, मग घरीच का नाही करत? आपल्याकडची बहुतेक बाग थॉमसन आणि तिच्या भावंडांची, खायला आणि बेदाण्याला. वाईनच्या जाती वेगळ्या. आणि घरी बंद बाटलीत रस आंबवला तर दारूही होते आणि बाटलीही फुटते.

एक तक्रार बाटलीची नव्हती, माझी होती. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, माळकरी आहेत. घरच्याच एका साठीशांतीला मी त्यांच्या हातात ग्लास दिला. त्यांनी विचारलं, "सूनबाई, ह्यात नक्की काय हाय?" मी म्हटलं, आधी वाईन होती अण्णा, मग तिच्यातून दारू काढली. त्यांनी ग्लास शांतपणे खाली ठेवला. "मग मला कोकमच दे." आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या नियमांत ०.५ टक्क्याच्या वर अल्कोहोल असेल तरच पेय मद्य ठरतं, आणि काही बाटल्यांवर "०.५ टक्क्यापेक्षा कमी" असंच लिहिलेलं असतं, ०.० नव्हे. कायद्याला ते पुरतं, गळ्यातल्या माळेला पुरेलच असं नाही. तेव्हापासून दोन ट्रे फिरतात. एकात वाईन, दुसऱ्यात सोडा घातलेलं कोकम, तशाच ग्लासात, आणि वाढपी प्रत्येकाला तोंडाने सांगतो कुठला कशाचा. डोहाळजेवणाला तर मी फक्त दुसरा ट्रे ठेवते.

उरलेल्या बाटलीच्या तोंडात स्टीलचा चमचा उलटा अडकवला की गॅस टिकतो, असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. टिकत नाही. दाबून बसणारं स्पार्कलिंगचं झाकण मिळतं, ते लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा; दारू नसल्यामुळे ही साध्या वाईनपेक्षा लवकर बिघडते. गॅस गेलेली पण वास चांगला असलेली उरली तर मी तिच्यात रात्रभर बेदाणे भिजवते आणि सकाळी शिऱ्यात घालते. अण्णांच्या शिऱ्यात साधे, पाण्यात भिजवलेले.